खाण कुणाची, छापखाना कुणाचा?

२००७ हे साल चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाला दोन गोष्टींसाठी लक्षात राहावे. त्या वर्षी एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज काढण्यासाठी लॉइड्स मेटल्सला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. आणि त्याच वर्षी ताडोबाला लागून असलेली लोहाऱ्याची कोळसा खाण अदानी समूहाच्या तिरोडा वीज प्रकल्पाच्या नावे झाली. दोन्ही बातम्या तेव्हा उद्योग, रोजगार, गुंतवणूक या नेहमीच्या रकान्यांत बसल्या. लोहाऱ्याच्या बातमीत 'अदानी' हे नाव कोळसा मागणाऱ्या कंपनीचे होते, एवढेच. बातमी सांगणाऱ्याचे आणि त्या कंपनीचे काही नाते असेल, असा विचार करण्याचे कारण नव्हते. पंधरा वर्षांत ते कारण तयार झाले. ते कसे झाले, ते पाहण्यासाठी थोडे आणखी मागे जावे लागेल.

वर्तमानपत्राचा मालक कुठल्या तरी बाजूचा असतो, हे विदर्भाला कधीच कुणी शिकवावे लागले नाही. उमेदीच्या काळात चंद्रपुरात वर्तमानपत्रे विकणारे मारोतराव कन्नमवार पुढे मुख्यमंत्री झाले, इतका पेपर आणि पक्ष यांचा इथे घरोबा. नागपूरचा 'तरुण भारत' संघविचाराचा, हे वाचकाला ठाऊक होते. १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरातून दैनिक म्हणून सुरू झालेल्या 'लोकमत'चे संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे नेते, पुढे राज्यात मंत्री, हेही ठाऊक होते. वाचक ते वजा करूनच वाचायचा. पक्षाची बाजू अशी वजा करता येते, कारण ती उघड असते. धंद्याची बाजू वजा करायला आधी ती माहीत तर हवी.

पैशाचा प्रश्न दिल्लीत पूर्वीच निघाला होता आणि त्यात एक मराठी पेपर मध्यवर्ती होता. मोठ्या भांडवलाच्या पेपरांनी लहानांना गिळू नये म्हणून किमतीनुसार पाने ठरवून देणारा कायदा १९५६ मध्ये झाला. त्याखालच्या आदेशाला पुण्याच्या 'सकाळ'ने आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द केला. निकाल योग्यच होता. सरकारने पाने मोजू नयेत. पण त्यानंतर भांडवलाला आवर घालण्याचा दुसरा सरळ मार्ग कुणी शोधला नाही. न्या. मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रेस आयोगाने १९८२ मध्ये शिफारस केली की वृत्तपत्रे इतर उद्योगधंद्यांपासून वेगळी काढावीत. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. आयोगाची शिफारस मात्र कागदावरच राहिली.

कोळशाची वर्षे आली तेव्हा ही उणीव बोचू लागली. २००९ मध्ये चंद्रपुरात 'इको-प्रो' संस्थेच्या बंडू धोतरे यांनी लोहाऱ्याविरुद्ध उपोषण केले, शहर त्यांच्या मागे उभे राहिले आणि वर्ष संपता संपता जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने त्या खाणीचा रस्ता बंद केला. डिसेंबरमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची यादी आली. देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे. स्थानिक पत्रकारांनी या दोन्ही गोष्टी नेटाने लावून धरल्या, हे नोंदवलेच पाहिजे. पण लोहाऱ्याचा दुसरा अंक फारसा कुणी पाहिला नाही. हातची खाण गेली म्हणून वाढलेला खर्च वीजदरातून मिळावा, असा कंपनीचा दावा होता. तो वाद वीज नियामक आयोग, अपील लवाद असे करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उपोषणाचा फोटो निघतो, वीजदराच्या याचिकेचा निघत नाही.

२००९ च्याच मे महिन्यात चिमूर भागातली बांदर खाण एएमआर आयर्न अँड स्टील, सेंच्युरी टेक्सटाइल्स आणि जे. के. सिमेंट यांना मिळून दिली गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये सीबीआयने कोळसा वाटपात एकदम पाच कंपन्यांवर गुन्हे नोंदवले. त्यांत एएमआर होती आणि जेएलडी यवतमाळ एनर्जीही. जेएलडीचे प्रकरण छत्तीसगडमधल्या फतेहपूर पूर्व खाणीचे. त्या प्रकरणात दिल्लीच्या विशेष न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये 'लोकमत' समूहाचे विजय दर्डा, त्यांचे पुत्र देवेंद्र आणि उद्योजक मनोजकुमार जयस्वाल यांना दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा दिली. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांनाही शिक्षा झाली. दर्डांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला आणि अपील झाले. न्यायालयाचे न्यायालय पाहील. वाचकाच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे: विदर्भात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पेपरांपैकी एकाच्या मालकांचे कोळशाशी काही देणेघेणे आहे, हे विदर्भाच्या वाचकाला कळले ते सीबीआयमुळे. त्याआधीची कित्येक वर्षे त्याने कोळशाच्या बातम्या वाचल्या होत्याच.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटपे रद्द केली, त्यात बांदरही गेली. २०२० मध्ये ती पुन्हा लिलावाच्या यादीत आली, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी विरोध केला आणि केंद्राला ती वगळावी लागली. ताडोबाच्या आसपासच्या खाणींचे असेच असते. एका दाराने जातात, दुसऱ्याने येतात.

वर्तमानपत्राची मालकी सांगायचा कायदा नव्हता, असे मात्र नाही. दर मार्चमध्ये, फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात, प्रत्येक पेपर एक चौकट छापतो. फॉर्म चार. प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त हिस्सा असणाऱ्या भागधारकांची नावे. लग्नाच्या आणि निविदांच्या जाहिरातींच्या शेजारी, डोळ्यांना त्रास होईल अशा टाइपात. भागधारक एखादी कंपनी असेल तर त्या कंपनीचे नाव येते. तिच्या मागे कोण, तिचे खाणीत, सिमेंटमध्ये, विजेत काय आहे, ते चौकट विचारत नाही. सोयीचा कायदा आहे. छापणाऱ्याची अडचण होत नाही आणि वाचणाऱ्याला काही मिळत नाही.

हे झाले वरचे टोक. खालचे टोक तालुक्याला असते, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

तालुक्याचा वार्ताहर हा बहुतेक ठिकाणी नोकर नसतो. त्याला ओळखपत्र मिळते, बातमीमागे जुजबी मानधन, कधी तेही नाही. त्याचे पोट चालते जाहिरातीच्या कमिशनवर. पुष्कळदा पेपरची एजन्सीही त्याच्याचकडे असते. पहाटे गठ्ठा उतरवून घेणे, पोरांकडून वाटून घेणे, महिन्याची वसुली करणे. वर्षातून चार-पाच वेळा जिल्हा कार्यालयातून टार्गेट येते: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, मधूनच एखाद्या नेत्याचा वाढदिवस. पुरवणी भरायची. शुभेच्छांचा मजकूर ठरलेला, खाली फोटोंची रांग. देणारे कोण? कोरपना-राजुऱ्यात सिमेंट कंपन्या आणि त्यांचे ठेकेदार, घुग्घुसला कोळसा वाहतूकदार, एटापल्ली-अहेरीत रस्त्यांचे कंत्राटदार, आणि सगळीकडे शिक्षणसंस्था नि ग्रामपंचायती. तालुक्यात इतर पैसेवाला उरतोच कोण?

आता गडचांदूरच्या अशा एखाद्या वार्ताहराकडे धुळीची तक्रार घेऊन शेतकरी आला, असे धरा. कापसाच्या बोंडावर राखाडी थर, फोटो तयार, बातमी चोख. तो रीतीप्रमाणे कंपनीची बाजू विचारायला जनसंपर्क अधिकाऱ्याला फोन करतो. तिकडून कुणी धमकी देत नाही. सूर आपुलकीचाच असतो: "द्या ना भाऊ बातमी, कोण नाही म्हनते? तुमच्या अर्ध्या पानाचं बिल मी आजच वर पाठवलं, तेवढं निघू द्या." बातमी मरत नाही. चार दिवस थांबते, मग आतल्या पानावर तीन ओळींत, कंपनीचे नाव न घेता, 'एका सिमेंट कारखान्याच्या धुळीमुळे' अशी येते. मालकाचा फोन नाही, संपादकाची कात्री नाही. ज्याने बातमी आणायची त्यानेच जाहिरात आणायची, एवढ्या एका व्यवस्थेने काम होऊन जाते. काही वार्ताहर यातूनही ठणठणीत बातम्या देतात. ते व्यवस्थेमुळे नव्हे, तिला न जुमानता देतात, आणि त्याची किंमत बहुधा पुढच्या पुरवणीत मोजतात.

वरच्या टोकाला या व्यवस्थेचे जे भव्य रूप होते, ते २००९ च्या विधानसभा निवडणुकीत दिसले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा जवळजवळ एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला आणि पी. साईनाथ यांनी तो 'द हिंदू'त शेजारी शेजारी ठेवून दाखवला. चव्हाणांनी आणि पेपरांनी पैसे दिल्याघेतल्याचा इन्कार केला. निवडणूक आयोगाने पुढे काढलेली नोटीसही दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडून पेड न्यूजवर सविस्तर अहवाल लिहून घेतला, त्यात तालुका वार्ताहराच्या कमिशनचीही दखल होती. मग कौन्सिलने तो बाजूला ठेवून छोटासा सारांश मंजूर केला. मूळ अहवाल माहिती अधिकाराच्या रेट्याने २०११ मध्ये बाहेर आला. पेपरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचाच अहवाल मिळवायला माहितीचा अधिकार लागावा, याहून जास्त काय सांगायचे?

गडचिरोलीत यात बंदूक मिसळते. जून २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी लॉइड्सचे उपाध्यक्ष जसपालसिंग धिल्लन यांच्यासह तिघांना मारले. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडच्या पायथ्याशी खनिज वाहणारी वाहने जाळली. अशा मुलखात पत्रकाराकडे एका हाताने नक्षलवाद्यांचे पत्रक येते आणि दुसऱ्या हाताने पोलिसांची प्रेसनोट. मधली जागा पायी चालून भरायची असते, आणि पायी चालण्याचा भत्ता कोणताच पेपर देत नाही. पोलीस आणि नक्षलवादी यांच्यातली एप्रिल २०१८ ची बोरिया-कसनासूर चकमक आठवा. पहिल्या दिवसांच्या मथळ्यांत आकडा होता आणि विजय होता. गट्टेपल्लीचे आईबाप सांगू लागले की लग्नाला म्हणून निघालेली आमची पोरे त्यांत आहेत, ती नक्षलवादी नव्हती. ते ऐकायला पत्रकारांना गावापर्यंत जावे लागले. काही गेले, म्हणून ते म्हणणे नोंदले तरी गेले.

खाणीच्या बाबतीत तर कायदाच पेपरला कंपनीच्या बाजूचा ग्राहक मिळवून देतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात किमान तीस दिवस आधी यावी लागते. ती येते, तिचे बिलही निघते. पण ज्या माडिया पाड्यावर दैनिक पोचतच नाही, तिथे ती सूचना कुणासाठी? हीच अधिसूचना सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्या म्हणते. सूरजागडच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीत, एटापल्लीपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर. त्यानंतर उत्पादनाची मर्यादा वर्षाला ३० लाखांवरून एक कोटी टनांवर गेली. एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला २०२३ च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत गावकरी नव्या खाणींविरुद्ध ठिय्या देऊन बसले होते. राज्याच्या पहिल्या पानांवर त्यांना किती जागा मिळाली, ते ज्याने त्याने जुने अंक काढून पाहावे.

याच काळात वर मालक बदलत होते. २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' निघाले ते नेटवर्क १८ आणि लोकमत यांच्या भागीदारीत. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात गेले, संपादक निखिल वागळे बाहेर पडले, वाहिनी पुढे 'न्यूज १८ लोकमत' झाली. मग २०२२. सप्टेंबरमध्ये अदानी समूहाने अंबुजा आणि एसीसी घेतल्या, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात उपरवाहीचा आणि घुग्घुसचा, असे दोन सिमेंट कारखाने. डिसेंबर संपेपर्यंत एनडीटीव्हीही त्यांची झाली. २०२४ च्या महाराष्ट्र दिनी 'एनडीटीव्ही मराठी' सुरू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने घुग्घुसच्या सिमेंटनगरातल्या माउंट कार्मेल शाळेचे व्यवस्थापन अदानी फाउंडेशनकडे द्यायला मान्यता दिली. विरोधकांनी ओरड केली, सरकारने नियमानुसार झाल्याचे सांगितले. लोहाऱ्याच्या २००७ च्या बातमीतले नाव सतरा वर्षांनी कारखान्यावर, शाळेच्या कागदावर आणि वाहिनीच्या मालकीत, असे तिन्हीकडे होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एनडीटीव्हीच्या इंग्रजी संकेतस्थळावर अदानींविषयीच्या बातमीखाली, ही वाहिनी अदानी समूहातल्या कंपनीची आहे, अशी ओळ येते. मराठी वृत्तपत्रांत मालकाच्या दुसऱ्या धंद्याविषयीच्या बातमीखाली अशी ओळ मला तरी वाचल्याची आठवत नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर शिफारशी केल्या, कॉर्पोरेट मालकीपासून संपादकीय स्वातंत्र्य कसे जपावे तेही सांगितले. त्यांचे पुढे काही झाले नाही. मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला. तो छापील अंकांपुरता आहे.

आणि बातमी आता छापील अंकाची वाट पाहत नाही. एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर खनिजाच्या ट्रकने कुणाला उडवले तर पहिला व्हिडिओ येतो तो एखाद्या पोर्टलवर किंवा यूट्यूब चॅनेलवर. तो चालवणारा बहुतेकदा कालचा वार्ताहरच असतो. आता त्याला संपादक नाही, जिल्हा कार्यालय नाही, टार्गेटही नाही. व्हिडिओच्या सुरुवातीला पाच सेकंदांच्या शुभेच्छा असतात, आणि त्या देणारा त्याच रस्त्याचा कंत्राटदार असतो.