ईमेल दिला म्हणजे होकार दिला?

बारावीचा निकाल लागायच्या सुमारास वालचंदनगर, कळंब, जंक्शन, लासुर्णे या पट्ट्यातल्या मुलांच्या ईमेलवर एकदम गर्दी होते. ज्या कॉलेजचं नाव घरात कुणी कधी ऐकलेलं नाही, ते ‘तुमची जागा राखून ठेवली आहे’ असं कळवतं. सोबत परदेशी शिक्षणाचे सल्लागार, कर्जवाले, क्लासवाले असतातच. पालक म्हणतात, चालायचंच. खरं नुकसान मात्र वैतागाचं नसतं. या गर्दीत प्रवेशफेरीचा किंवा शिष्यवृत्तीचा कामाचा मेल बुडतो आणि मुदत उलटून जाते.

या मेलांबद्दल आपल्या मनात काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि त्यांचा फायदा पाठवणाऱ्यालाच होतो.

“माझा पत्ता घेऊन कुणाला काय मिळणार?” ही त्यातली सर्वांत भाबडी. एकट्या पत्त्याला किंमत नसते. त्याच्याबरोबर ‘बारावी सायन्स, पुणे जिल्हा’ एवढं जोडलं की तो माल होतो. २०२३ साली हैदराबादेतल्या सायबराबाद पोलिसांनी अशा मालाचा साठा बाळगणाऱ्या एकाला पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याच्याकडे २४ राज्यांतल्या आणि ८ महानगरांतल्या ६६.९ कोटी व्यक्ती व संस्थांची माहिती होती, १०४ वर्गांत नीट लावलेली. त्यात विद्यार्थीही होते. आपल्याकडे भर अशी की मुलाचा ईमेल बहुतेक वेळा नेट कॅफेवाला काढून देतो, पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो आणि कधी कधी फॉर्मवर पत्ताही त्याचाच पडतो. तो पासवर्ड आजच बदलून घ्यावा, कारण त्याच ईमेलवरून पुढे इतर बऱ्याच ठिकाणचे पासवर्ड बदलता येतात.

दुसरी समजूत जास्त खोल रुजलेली आहे : “आपणच तर दिलाय ईमेल, मग तक्रार कसली?” पत्ता देणं आणि परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशासाठी दिलेला पत्ता प्रवेशासाठीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नेमकं हेच सांगतो. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेला चौकोन ही तुमची कृती नव्हे. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे : डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने फोनमधल्या नावांची यादीही मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्याने तुमची संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि संमतीची विनंती मराठीत वाचायला मागण्याचाही हक्क आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती रक्कम ऐकून तरी मोठ्या कंपन्या आधीच शहाण्या होतील, अशी आशा करायला हरकत नाही.

दुकानात बिल करताना नंबर आणि ईमेल द्यावाच लागतो, हेही खरं नाही. त्यासाठी अडून बसू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. बारामतीच्या शोरूममध्ये काउंटरवरचा मुलगा “सिस्टिम पुढे जात नाही” म्हणतो. ‘नाही देत’ म्हणून बघा, बहुतेक वेळा जाते.

“डीएनडी लावलंय, आता काही येणार नाही” म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९०९ वर नोंदवलेली ती नकारनोंद ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांखाली येते आणि ती फोन व एसएमएसपुरती आहे. ईमेलला ती लागूच होत नाही. मग ईमेलसाठी कायदा कोणता? इथे एक विचित्र गोष्ट घडून गेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण हे लपवून फसवण्यासाठी केलेल्या ईमेलबद्दल एक उपकलम होतं. पण कलमाची भाषा इतकी सैल की ते भलतीकडेच चाललं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरमधल्या एका मुलीला, आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी सगळं कलम रद्द झालं. ते व्हायलाच हवं होतं. मात्र त्याबरोबर नकोशा ईमेलबद्दलचा तो तुकडाही गेला आणि त्याच्या जागी खास ईमेलसाठी नवा कायदा आजवर आलेला नाही. अमेरिकेत २००३ पासून आहे : तिथे ‘नको’ म्हटल्यावर कामाच्या १० दिवसांत मेल थांबवावे लागतात.

“अनसबस्क्राइब दाबलं की उलट जास्त मेल येतात” हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच तो टिकून आहे. ज्या दुकानाशी, बँकेशी, क्लासशी तुमचा कधीतरी खरोखर संबंध आला, त्यांच्या मेलवर अनसबस्क्राइब बिनधास्त दाबावं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय सक्तीची केली आहे आणि नकार २ दिवसांत अमलात आणायला सांगितलं आहे. जीमेल हे बटण पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच दाखवतं. दिसलं तर तेच वापरावं. पाठवणारा अजिबात अनोळखी असेल तर मात्र मेलमधल्या कुठल्याच लिंकला हात लावू नये. तिथे क्लिक म्हणजे ‘या पत्त्यावर माणूस आहे’ ही पोच. मेलमधलं अदृश्य चित्रही उघडताक्षणी अशी पोच देऊ शकतं. असा मेल ‘रिपोर्ट स्पॅम’ करावा. नुसता डिलीट केला तर कुणालाच काही कळत नाही. स्पॅमची तक्रार मोजली जाते : हजारात ३ तक्रारी झाल्या तरी मोठ्या पाठवणाऱ्याचे मेल जीमेल अडवू लागतं. उलट बाजूही सांगायला हवी. स्वतः नाव नोंदवलेल्या संस्थेला केवळ कंटाळा आला म्हणून स्पॅम ठरवणं हा अन्याय आहे. तिथे सरळ अनसबस्क्राइब करावं.

पैसे मागणारा, खातं बंद पडेल म्हणणारा मेल हा वेगळाच प्रकार. तो जाहिरात नव्हे, गुन्हा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर फोन करावा.

आता थोडं पाठवणाऱ्यांकडे, कारण ते आपल्यातही आहेत. बारामती एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्याला, निमगाव केतकीच्या डाळिंबवाल्याला, क्लास चालवणाऱ्या सरांना कुणीतरी पेनड्राइव्ह दाखवतो : “पुणे जिल्ह्याचा डेटा आहे, एक लाख ईमेल.” समज असा की डिरेक्टरीत किंवा प्रदर्शनाच्या वहीत पत्ता आहे, म्हणजे तो सगळ्यांसाठी खुला आहे. हा समज जवळजवळ ईमेलइतकाच जुना आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या अमेरिकी विपणन व्यवस्थापकाने इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या संगणकजाळ्याच्या छापील डिरेक्टरीतून सुमारे ४०० पत्ते उचलले आणि आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सर्वांना एकदम पाठवली. शिव्या तेव्हाही पडल्या होत्या.

विकतच्या यादीचं दुखणं नुसतं नैतिक नाही. तिच्यात बंद पडलेले पत्ते असतात, मुद्दाम पेरलेले सापळ्याचे पत्तेही असतात. त्यांवर मेल गेला की तुमचं डोमेन बदनाम होतं. मग पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाने स्वतः मागितलेलं कोटेशनही त्याच्या स्पॅममध्ये पडतं, आणि ऑर्डर का गेली हे वर्कशॉपवाल्याला कधी कळतच नाही. स्वतः विचारून जमवलेले दोनशे पत्ते त्या लाखापेक्षा जास्त धंदा देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा डेटावाला पुन्हा दारात आला तर भाव विचारण्याआधी एवढंच विचारा : या यादीत आमचाही पत्ता आहे का, आणि तो तुम्हाला दिला कुणी?