लोकमत, माध्यमे आणि ध्रुवीकरण : तुर्कस्तानचा धडा



नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला मी विचारलं, "लोकमत म्हणजे काय?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "पेपर, सर!" वर्ग हसला, मीही हसलो. पण नंतर वाटलं, पोराने नकळत नेमक्या मुद्द्यालाच हात घातला. लोकांचं मत आणि पेपरात, टीव्हीवर दिसणारं मत एकच असतं का? की दोन्हींत अंतर असतं? हा प्रश्न मुलांना समजावून सांगायला तुर्कस्तानचं उदाहरण फार उपयोगी पडतं. म्हणून आजचा लेख त्यावर.

आधी शब्द समजून घेऊ

ध्रुव म्हणजे टोक. समाज दोन टोकांना जाऊन उभा राहिला की आपण त्याला ध्रुवीकरण म्हणतो. गंमत बघा, तुर्की भाषेतला शब्दही तसाच आहे : 'कुतुपलाश्मा'. 'कुतुप' म्हणजे ध्रुव. मूळ अरबी 'कुत्ब', म्हणजे आपल्या कुतुबमिनारच्या नावातला शब्द तोच.

मतभेद आणि ध्रुवीकरण यांत फरक काय? इस्तंबूलच्या बिल्गी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हा फरक मोजायची साधी युक्ती वापरली. लोकांना आधी विचारलं, "तुम्हाला सर्वांत दूरचा वाटणारा पक्ष कोणता?" मग त्या पक्षाच्या मतदाराबद्दल प्रश्न : अशा घरात मुलगी द्याल का? त्याच्याबरोबर धंदा कराल का? तो शेजारी चालेल का? आणि शेवटी, तुमची मुलं त्याच्या मुलांबरोबर खेळलेली चालतील का?

पहिल्या प्रश्नाला सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त लोकांनी "नाही" म्हटलं. मुलांच्या खेळण्यालाही निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांचा नकार होता. कर किती असावा, रस्ता कुठून जावा यावर वाद होणं हा मतभेद. त्या वादापायी पोरांचा खेळ थांबणं हे ध्रुवीकरण.

हे वाचून मला आपल्याकडचा एक प्रसंग आठवला. एका निवडणुकीनंतर एक पालक मला भेटायला आले आणि हळूच म्हणाले, "सर, आमच्या बाळूची जागा बदला. शेजारचा मुलगा कुणाच्या घरातला आहे, तुम्हाला माहीतच आहे." दोन्ही पोरं दहा वर्षांची. मी जागा बदलली नाही, पण तो प्रसंग मनातून गेला नाही.

ही दरी आली कुठून?

१९२३ मध्ये मुस्तफा केमाल अतातुर्क यांनी तुर्की प्रजासत्ताक स्थापन केलं. पुढच्याच वर्षी खिलाफत रद्द झाली. (आपल्याकडची खिलाफत चळवळ जिच्यासाठी चालली होती, तीच ही खिलाफत.) १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. शहरी, शिकलेल्या वर्गाला हे बदल आपले वाटले. गावाकडच्या श्रद्धाळू घरांना मात्र आपण आपल्याच देशात खालच्या पायरीवर आहोत असं वाटत राहिलं.

त्यांची तक्रार खोटी नव्हती. विद्यापीठात डोक्याला रुमाल बांधून येण्यावर बंदी होती आणि १९९७ नंतर ती फार कडकपणे राबवली गेली. कितीतरी मुलींचं शिक्षण दारातच अडलं. या दुखऱ्या भागाला आवाज दिला तो रेजेप तय्यिप एर्दोआन यांनी. त्यांचा पक्ष २००२ मध्ये सत्तेवर आला, पुढे ती बंदी उठली. आजही जी कुटुंबं त्यांना मत देतात, त्यांच्या मनात ही आठवण ताजी आहे. केवळ टीव्ही पाहून ती मत देतात असं समजणं चूक ठरेल.

तुर्की लोक बोलताना राजकीय गटांना 'महाल्ले' म्हणतात, म्हणजे आपला मोहल्ला. 'आमचा मोहल्ला' आणि 'पलीकडचा मोहल्ला'. समाजशास्त्रज्ञ शेरिफ मार्दिन यांचा 'मोहल्ल्याचा दबाव' हा शब्दप्रयोग २००७ पासून तिकडे फार गाजला. चार लोक काय म्हणतील, या भीतीने माणूस मत गिळून टाकतो. हे आपल्यालाही नवीन नाही.

माध्यमांनी काय केलं?

२०१३ साली इस्तंबूलमधल्या गेझी बागेतली झाडं वाचवायला काही लोक बसले. पोलिसांनी बळ वापरलं आणि आंदोलन देशभर पसरलं. जगभरच्या वाहिन्या ते थेट दाखवत होत्या. त्या वेळी 'सीएनएन तुर्क' या वाहिनीवर काय लागलं होतं? पेंग्विनवरचा माहितीपट! तेव्हापासून पेंग्विन हे तिथे गप्प बसणाऱ्या माध्यमांचं चिन्ह झालं.

वाहिनी गप्प का बसली? मुलांना वाटतं, सरकारी माणूस कात्री घेऊन बसलेला असतो. तसं क्वचितच असतं. मोठ्या माध्यमांच्या मालकांचे बांधकाम, वीज, गॅस असेही धंदे असतात. त्यांना सरकारी कंत्राटं, परवाने हवे असतात. तेव्हाच्या सर्वांत मोठ्या दोआन समूहाला २००९ मध्ये अब्जावधींचा करदंड ठोठावला गेला. २०१८ मध्ये त्या समूहाने 'हुर्रियेत' हे वृत्तपत्र आणि 'सीएनएन तुर्क' सरकारच्या जवळच्या मानल्या जाणाऱ्या देमिरोरेन समूहाला विकले. २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर आणीबाणीत शंभराहून जास्त माध्यमसंस्था बंद झाल्या होत्याच.

२०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानाआधीच्या एप्रिल महिन्यात सरकारी वाहिनीने एर्दोआन यांना सुमारे ३२ तास दिले आणि विरोधी उमेदवार केमाल किलिचदारोलू यांना ३२ मिनिटं. ही आकडेवारी प्रसारण नियामक मंडळातल्या विरोधी बाजूच्या सदस्यांनी मांडली होती. आकडा कोणी दिला, हेही मुलांना विचारायला शिकवा बरं का.

त्याच प्रचारात एर्दोआन यांच्या सभेत एक जोडकाम केलेली चित्रफीत दाखवली गेली. तिच्यात विरोधकांच्या प्रचारगीताला बंदी असलेल्या सशस्त्र कुर्द संघटनेच्या म्होरक्याची दृश्यं चिकटवलेली होती. खोटेपणा उघड झाला, पण तोवर ती लाखोंनी पाहिली होती. विरोधी वाहिन्याही आहेत. त्यांच्यावर दंड आणि प्रक्षेपणबंदीची टांगती तलवार असते. आणि त्या मुख्यतः आपल्याच मोहल्ल्याला बातम्या देतात. म्हणजे बळ दोन्हीकडे सारखं नाही, पण एका घरातली बातमी दुसऱ्या घरात पोचत नाही, हे दोन्हीकडे खरं आहे.

मग लोकमत माध्यमांच्या हातातच आहे का?

इथे २०१९ ची इस्तंबूलच्या महापौरपदाची निवडणूक आठवावी. ३१ मार्चला विरोधी पक्षाचे एक्रेम इमामोलू जेमतेम १३ हजारांच्या फरकाने जिंकले. निवडणूक मंडळाने निकाल रद्द केला. २३ जूनला फेरमतदान झालं आणि फरक किती झाला? सुमारे ८ लाख! मोठ्या वाहिन्या तर त्याच होत्या.

दोन गोष्टी घडल्या. एक, "हा अन्याय झाला" ही भावना मोहल्ल्याची भिंत ओलांडून गेली. दुसरी, विरोधी पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं होतं की एर्दोआन यांच्या मतदाराशी भांडू नका, त्याला कमी लेखू नका, त्याचं ऐकून घ्या. या प्रचाराचं नावच होतं 'मूलगामी प्रेम'. त्यांची घोषणा "सगळं फार छान होईल" ही प्रचाराच्या बसमागे धावणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या तोंडून आली होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. २०२३ ची निवडणूक एर्दोआन यांनी सुमारे ५२ टक्के मतांनी जिंकली. मार्च २०२५ मध्ये इमामोलू यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून तुरुंगात टाकलं गेलं. विरोधक म्हणतात हा राजकीय सूड, सरकार म्हणतं न्यायालयं स्वतंत्र आहेत. दरी बुजलेली नाही. पण ती ओलांडता येते, एवढं २०१९ ने दाखवून दिलं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. एकच बातमी दोन वेगळ्या ठिकाणांहून आणायला सांगा. तीन प्रश्न विचारा : काय घडलं? कोणाला बोलू दिलं? कोणाला बोलूच दिलं नाही? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पेंग्विन तिथेच सापडतो.

२. वादविवादात मुलांना आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगायला लावा. "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं तो म्हणाला की मगच उत्तर द्यायचं.

३. पालकहो, हे तुमच्यासाठी. घरात राजकारणावर जरूर बोला, पण 'ती माणसं तसलीच' हे वाक्य मुलांसमोर टाळा. पक्ष काय करतो त्यावर टीका करा, शेजाऱ्याच्या जातकुळीवर नको.

त्या दहा वर्षांच्या दोन पोरांचं पुढे काय झालं, असं कुणी विचारेल. ती वर्षभर एकाच बाकावर बसली, एका डब्यातलं जेवली, एका रबरासाठी भांडली आणि पुन्हा एक झाली. तेव्हा बिल्गी विद्यापीठाचा तो शेवटचा प्रश्न आज घरी एकदा स्वतःला विचारून बघा. उत्तर दुसऱ्या कुणाला सांगायची गरज नाही.