नाथपंथाचें पहिलें पुस्तक

रंगपंचमीस पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. नगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी या यात्रेचा थाट बदललेला नाहीं. गर्भगिरीच्या डोंगरांतील त्या समाधीस भटक्या जमातींचे लोक दूरदूरून येतात. तेथील गाढवांचा बाजार तर सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. आमचा एक पुतण्या पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. तो कांहीं वर्षांपूर्वीं या यात्रेहून परतला, तेव्हां रेवड्यांच्या पुडीबरोबर त्यानें एक लहानसें पुस्तकही आणिलें. मुखपृष्ठावर जटाधारी योगी. आंत साप-विंचू उतरविण्यापासून शत्रूचें तोंड बांधण्यापर्यंतचे मंत्र. लेखकाचें नांव नाहीं, कोणत्या पोथीवरून मजकूर घेतला त्याचा उल्लेख नाहीं. 'अनुभवसिद्ध' हा शब्द मात्र पानोपानीं.

त्याच वैशाखांत घरांतील धाकट्या मुलीस विंचू चावला. वडील मंडळी लग्नास गेलेली होती. पुतण्यानें तें पुस्तक उघडून मंत्र म्हणावयास आरंभ केला, व त्यांत पाऊण तास गेला. मुलीस दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडूं लागले, तेव्हां शेजारच्या मंडळींनीं तिला दवाखान्यांत नेलें. ईश्वरकृपेनें व डॉक्टरांच्या तत्परतेनें ती वांचली. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हें औषध गुणकारी आहे, हें महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं गेल्या शतकांतच दाखवून दिलें आहे. परंतु तें वेळेवर पोटांत गेलें पाहिजे ना! २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें तर विंचूदंश किंवा सर्पदंश झालेल्यास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा गुन्हाच ठरविला आहे. पुतण्या पुढें कित्येक दिवस पंगतीस मान वर करून बसला नाहीं.

तें पुस्तक चुलींत घाल, असें त्यास सांगणें सोपें होतें. परंतु एके सायंकाळीं तो आपण होऊनच म्हणाला, "काका, मंत्र मला नकोत. पण हे नाथ होते तरी कोण, तें कळावेंसें वाटतें. आरंभ कोणत्या पुस्तकानें करूं?" हाच प्रश्न आमच्या वाचकांच्या घरींही निघत असेल, म्हणून त्यास दिलेलें उत्तर येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

घरांत नाथांचें पुस्तक म्हटलें कीं 'नवनाथ भक्तिसार' डोळ्यांपुढें येतें. धुंडिसुत मालूचा हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ चा, म्हणजे इसवी सन १८१९ चा. मच्छिंद्र मत्स्याच्या उदरांतून, गोरख उकिरड्यावरील राखेंतून व कानिफ हत्तीच्या कानांतून प्रकट झाल्याच्या कथा त्यांत आहेत. मच्छिंद्रास स्त्रीराज्यांतून सोडविणारा गोरखही तेथेंच भेटतो. कथा म्हणून हा ग्रंथ इतका रसाळ आहे कीं तो प्रथम वाचूं नये असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. मात्र शेवटच्या अध्यायांत प्रत्येक अध्यायाचें फळ सांगितलें आहे, व लोक बहुधा त्या फळासाठींच पोथी उघडतात. शिवाय तो ज्ञानेश्वरीनंतर पांचशेंहून अधिक वर्षांनीं रचलेला आहे, हें नवख्या वाचकास कोणी सांगत नाहीं. मालूची गोष्ट गोष्ट म्हणून वाचावी. तिला इतिहास समजूं नये, आणि औषध तर मुळींच समजूं नये.

म्हणून दुसरें पुस्तक लगेच हातीं घ्यावें, आणि तें आपल्याच जिल्ह्यांत जन्मलेलें आहे. प्रवरातीरीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाअखेर ज्ञानदेवांनीं आपली गुरुपरंपरा दिली आहे : आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति. सप्तशृंगीवर मत्स्येंद्राच्या भेटीनें भग्नावयव चौरंगी पूर्ववत् झाल्याचा उल्लेख सोडला, तर चमत्कार तेथें जवळजवळ नाहींच. भर आहे तो गुरूकडून शिष्यास मिळालेल्या बोधावर. गंमत अशी कीं, या मालिकेंत मढीचे कानिफनाथ नाहींत. हें वाचून पुतण्या चमकला, आणि खरा अभ्यास तेथूनच सुरू झाला. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी यासाठीं उत्तम. सहाव्या अध्यायांतील कुंडलिनीचें वर्णन त्यानें तूर्त वाचून पुढें जावें. पुस्तकावरून प्राणायामाचे प्रयोग करूं नयेत.

त्यानंतर रा. चिं. ढेरे यांचा 'नाथसंप्रदायाचा इतिहास'. आमच्या मतें मराठी वाचकास याहून चांगला वाटाड्या नाहीं. दंतकथा कोणती, ग्रंथाधार कोणता व अनुमान कोणतें, हें ढेरे वेगळें करून दाखवितात, आणि श्रद्धेची टवाळी कोठेंही करीत नाहींत. हिंदी येत असल्यास हजारीप्रसाद द्विवेदींचा 'नाथ संप्रदाय' जोडीस घ्यावा. ब्रिग्ज या अमेरिकन मिशनऱ्याचें कानफाट्या योग्यांवरील १९३८ चें इंग्रजी पुस्तक माहितीनें भरलेलें आहे, पण त्याची दृष्टि परक्याची. तें मागाहून वाचावें.

जुनेपणाचा असा घोळ आपल्याकडेच होतो असें नव्हे. इंग्लंडांत जेरल्ड गार्डनर यांनीं १९५४ सालीं 'विचक्राफ्ट टुडे' लिहून, पुढें विक्का या नांवानें प्रसिद्ध झालेला चेटूकपंथ लोकांपुढें मांडिला, व तो ख्रिस्तपूर्व धर्माचा अवशेष असल्याचें सांगितलें. रॉनल्ड हटन या इतिहासकारानें १९९९ च्या 'द ट्रायम्फ ऑफ द मून' या ग्रंथांत त्याची घडण आधुनिक काळांतील असल्याचें दाखविलें. पंथ त्यामुळें बुडाला नाहीं. उलट त्यांतील विचारी माणसें हटनचा ग्रंथ आदरानें वाचतात.

गेल्या श्रावणांत आमच्या मातुःश्रींनीं नेहमींप्रमाणें नवनाथांचें पारायण केलें. पुतण्या शेजारीं ढेऱ्यांचें पुस्तक उघडून बसे. कानिफनाथांच्या जन्माच्या अध्यायापाशीं आजी-नातवाचें वाजलें, आणि दिवा मालवण्याची वेळ झाली तरी मिटेना. तें मंत्रांचें चोपडें कोठें गेलें, हें मात्र घरांत कोणास आठवत नाहीं.