ताटाची साक्ष

तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातील १९६९ साली कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्याच्या. परंतु २००५ आणि २००६ साली सिद्ध झालेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या चौथ्या व तिसऱ्या अणुभट्टीत जड पाणी खेळविलेले असते. या जड पाण्यातील ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा भाराने दुप्पट असलेला प्रकार, मनुष्य आपल्या जेवणाविषयी जी कैफियत देतो तिची रुजुवात घेण्याच्या कामीही जगभर उपयोगी पडला आहे, ही गोष्ट त्या केंद्राच्या परिसरात आयुष्य घालविणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आणि वजन उतरविण्यासाठी ताटाचे छायाचित्र काढावे असे अलीकडे जे सुचविले जाते त्याचे मर्म जाणून घ्यावयाचे, तर आरंभ तेथूनच केला पाहिजे.

मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफ्सन यांनी गेल्या शतकाच्या मध्यास द्विचिन्हांकित पाण्याची ही पद्धती प्रथम उंदरांवर सिद्ध केली, आणि डेल शोलर यांनी १९८२ साली ती मनुष्यावर योजिली. ड्यूटेरियम आणि जड ऑक्सिजन या दोन खुणा असलेले थोडेसे पाणी प्यावयास देतात. दोहोंपैकी एकही किरणोत्सर्गी नाही. ड्यूटेरियम शरीरातून केवळ पाण्यावाटे निघून जाते, ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडवाटेही. म्हणून लघवीचे नमुने काही दिवस तपासून या दोन खुणा किती वेगाने ओसरतात यातील अंतर काढले, की त्या काळात शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे समजते, आणि वजन स्थिर असेल तर तेवढीच ऊर्जा अन्नातून आली असली पाहिजे हे उघड आहे.

या कसोटीस १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशी माणसे लावण्यात आली, की जी आपण दिवसाला १,२०० उष्मांकांहून कमी खातो आणि तरीही वजन हलत नाही असे सांगत होती. त्यांच्या शरीराच्या ऊर्जाव्ययात दोष आढळला नाही. आढळले ते इतकेच, की आपला आहार ती सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि आपले श्रम ५१ टक्क्यांनी अधिक सांगत होती. ती खोटे बोलत होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. भोजनाची स्मृती स्वभावतःच पुसट असते, आणि जो घास सहज तोंडात गेला त्याची नोंद मन ठेवतच नाही.

छायाचित्राचे मूल्य येथे आहे. लेखी रोजनिशीही उपयोगाची असते, परंतु ती बहुधा रात्री, म्हणजे खाऊन झाल्यावर लिहिली जाते. छायाचित्र घास घेण्यापूर्वी काढावे लागते, आणि तो क्षणभराचा विलंबच पुष्कळ काम करतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील लिडिया झेपेडा व डेव्हिड डील यांनी २००८ साली ४३ व्यक्तींना आठवडाभर दोन्ही प्रकारच्या नोंदी ठेवावयास सांगितल्या, तेव्हा निवड करण्यापूर्वी विचार करावयास लावण्याच्या बाबतीत छायाचित्रेच अधिक प्रभावी ठरली. पुढे लुइझियानातील पेनिंग्टन संशोधन केंद्राने छायाचित्रांवरून काढलेल्या आहाराचा ताळा द्विचिन्हांकित पाण्याशी घालून पाहिला, आणि समूहाच्या सरासरीतील तफावत अवघी काही टक्के निघाली. एकेका व्यक्तीच्या बाबतीत मात्र ती बरीच मोठी असू शकते.

ही तफावत आपल्याकडे वाढावी अशीच आपल्या अन्नाची घडण आहे. ताटातील भाकरी मोजता येते, सातपाटीचे पापलेट ओळखता येते, वाडा कोलमच्या भाताचा ढीग अदमासता येतो. परंतु वाटीतील कालवणाचा पृष्ठभाग दिसतो, खोली दिसत नाही, आणि फोडणीत पडलेले तेल तर कोणत्याच भिंगास दिसत नाही. त्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ४० उष्मांक असतात. म्हणून चित्र थोडे तिरपे, नेहमीचा एकच चमचा शेजारी ठेवून आणि जेवण आटोपल्यावर उरलेल्या अन्नासह पुन्हा एकदा काढावे. आणि तेलाचा हिशेब चित्रावर न सोपविता महिन्याच्या किराण्याच्या यादीवरून घ्यावा. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: घरातील जी स्त्री सर्वांच्या मागून जेवते, मुलांच्या ताटातले उरलेसुरले उभ्या उभ्या संपविते, तिच्यापुढे पुष्कळदा ताटच नसते, तिचे चित्र काढावयाचे तर आधी तिने आपले ताट वाढून बसले पाहिजे, आणि तेवढे घडले तरी अर्धे काम झाले.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील पाळीच्या कामगारास चित्रातील पदार्थापेक्षाही चित्रावर आपोआप उमटणारी वेळ अधिक सांगून जाते. हार्वर्डमधील फ्रँक शीर यांच्या २००९ सालच्या प्रयोगात जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा शरीराच्या आंतरिक घड्याळाच्या उलट फिरविल्या, तेव्हा रक्तशर्करा ६ टक्क्यांनी वाढली, इन्सुलिन २२ टक्क्यांनी वाढले, आणि तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन १७ टक्क्यांनी घटले. रात्रपाळीत दोन वाजता घेतलेला वडापाव, पहाटेचा गोड चहा आणि घरी आल्यावरचे जेवण हे एकाच दिवसाचे की दोन दिवसांचे, हे खाणाऱ्याला सांगता येत नाही. छायाचित्रांच्या ओळीवरून ते सांगता येते.

या कामगारांत सडपातळ माणसे पुष्कळ असतात, आणि आपल्याला हे लागू नाही असे त्यांना वाटणे साहजिक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनचे जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: दोघांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून भारतीयांनी वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही पाहावा, आणि तो पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत राहील असे पाहावे.

छायाचित्राने वजन उतरतेच असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०७ व्यक्तींपैकी काहींना जेवणाची चित्रे काढून पुढच्या जेवणापूर्वी ती पाहण्यास सांगितले होते; आठ आठवड्यांनी त्यांच्या आणि इतरांच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. नुसती चित्रे साठविण्याने काही साधत नाही, ती जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेली पाहिजेत, असा मी याचा अर्थ लावतो. खाण्याविषयी ज्यांच्या मनात आधीच भय आहे त्यांनी, आणि वाढत्या वयाच्या मुलांनी, या वाटेस जाऊ नये. तारापूर-बोईसरच्याच ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याची बालके आजही पुरेशा अन्नावाचून खंगतात तेथे हे बजावून सांगितले पाहिजे. इतरांनी एका पूर्ण पाळीचक्राची, म्हणजे दिवसपाळी, दुपारपाळी आणि रात्रपाळी तिन्ही आलेली चित्रे, चहाच्या प्रत्येक पेल्यासह, न वगळता काढावीत आणि औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर डॉक्टरांपुढे किंवा आहारतज्ज्ञांपुढे ठेवावीत.