कागद अडकतो तेव्हा

जून-जुलै म्हटले की शाळेच्या कार्यालयाबाहेर पालकांची रांग लागते. कुणाला बोनाफाईड हवा असतो, कुणाला शाळा सोडल्याचा दाखला. रोजंदारी बुडवून आलेल्या बापाला ‘प्रिंटर बंद आहे, उद्या या’ हे उत्तर फार महाग पडते. खरे तर पुष्कळदा प्रिंटर बिघडलेला नसतो. कागद नीट आत जात नसतो, एवढेच.

पहिले कारण पावसाळी हवा. कागद ओल शोषतो, कडा वळतात, पाने एकमेकांना चिकटतात. म्हणून ५०० कागदांचे रीम फोडले की उरलेले कागद आम्ही त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवतो. ट्रेमध्ये लागतील तेवढेच, खुणेच्या खाली भरतो. आधी गठ्ठा फडफडवून सुटा करायचा, टेबलावर ठोकून कडा जुळवायच्या. ट्रेतल्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या हव्यात, दाबणाऱ्या नकोत. सैल राहिल्या की कागद तिरका जातो.

कागद उचललाच जात नसेल, तर वीज बंद करून रबरी रोलर किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावा आणि वाळू द्यावा. सुटे, कोरडे कागदही दोन-दोन ओढले जात असतील, तर रोलरजवळचे पॅड झिजले असण्याचा संभव असतो. बऱ्याच प्रिंटरांत तेवढेच बदलता येते. नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

अडकलेला कागद हिसकू नये. प्लग काढावा; लेसर प्रिंटरचा फ्यूजर साधारण २०० अंशांपर्यंत तापतो, तो निवू द्यावा. मग दोन्ही हातांनी, शक्यतो कागद जात होता त्याच दिशेने सावकाश ओढावे. फाटलाच तर तुकडे जुळवून आत काही राहिले नाही ना, ते पाहावे. कात्री, सुरी आत घालू नये.

राहिला प्रश्न पाठकोऱ्या कागदांचा. इसराफ नको म्हणून ते प्रिंटरमध्ये घालण्याचा मोह होतो. पण त्यांना घड्या असतात, एखादी पिन राहिलेली असते. त्यातून रोलर खराब झाला तर बचत कुठली? आम्ही त्यांच्या वह्या शिवून मुलांना गणिताच्या कच्च्या कामाला देतो. कार्यालयातला कागद आणि यंत्र दोन्ही अमानतच. आणि रांगेत उभ्या माणसाचा वेळ तर त्याहून मोठी अमानत.