गंभीर आरोप आणि शाळेचा दाखला

सातारा असो वा सांगली, गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकून पाठवावे अशी वेगळी ‘पर्यायी शाळा’ आपल्या कायद्यात नाही. अठरा वर्षांखालील मुलाला 2015चा बाल न्याय अधिनियम आरोपी न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याचे प्रकरण जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे जाते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी किमान एक महिला.

जामीन न मिळाल्यास मुलाला चौकशीच्या काळात निरीक्षणगृहात ठेवतात. दोष सिद्ध झाल्यावर शाळेत जाण्याचा किंवा व्यवसाय प्रशिक्षण घेण्याचा आदेशही मंडळ देऊ शकते. किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आणि वय सोळा ते अठरा असेल, तर प्राथमिक मूल्यांकनानंतर खटला बाल न्यायालयाकडे जाऊ शकतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीपासून हे कवच उरत नाही, आणि अशा प्रकरणांत अडकणारी बरीच मुले नेमकी त्याच वयाची असतात. ही मोठी उणीव आहे.

सातारा-सांगलीच्याच भागातल्या आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939मध्ये प्रौढ कैद्यांसाठी ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभारली होती. मुलांच्या बाबतीत आपण त्याहून मागे राहू नये.

मुख्याध्यापकांना विनंती : घाईने दाखला हाती देऊ नका, आधी मंडळाशी बोला. बातमीदारांनी मुलाचेच नव्हे, शाळेचेही नाव छापू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74नुसार तो गुन्हा आहे.