ज्वारीचे बी बर्फाच्या घरी

वाचकहो, गेल्या महिन्यात पनवेलजवळच्या करंजाड्याहून एका भगिनीचे पत्र आले. अक्षर मुलीचे आणि मजकूर आईचा, हे दोन ओळींतच कळते. त्या लिहितात की भाताची खाचरे केव्हाच संपादनात गेली, साडेबारा टक्क्यांतला भूखंड मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली आणि आता हाती थोडी रक्कम आहे. मुलगा म्हणतो, "जन्मभर चिखल तुडवलात, आता एकदा जहाजात बसून उत्तर ध्रुवाकडे जाऊन या." त्याने एक रंगीत पुस्तिकाही आणून दिली. तिच्यात पांढरे अस्वल आहे, निळा बर्फ आहे, आणि किंमत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. "आम्ही आवण लावणारी माणसे," ताई विचारतात, "तिकडे आमच्या पाहण्याजोगे काय असणार? आणि एवढा पैसा घालवावा का?"

ताई, हे लिहिणारा स्वतः त्या जहाजावर चढलेला नाही. पण गेली काही वर्षे या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला जराही अडखळायला होत नाही. तिकडे पाहण्यासारखे जे आहे, ते शहरातल्या माणसापेक्षा शेतकऱ्यालाच जास्त कळेल.

आधी जहाजाविषयी. मुंबईहून सुटणारी जी मोठी सहलीची जहाजे आपण ऐकतो, हजारो माणसांची, नाचगाण्याची, तशी ही नसतात. शंभर-दोनशे उतारू, बर्फाला टक्कर देईल असा भक्कम तळ, आणि धक्का नसेल तिथे किनाऱ्यावर नेण्यासाठी रबरी होड्या. बरोबर पक्ष्यांचे, दगडांचे, इतिहासाचे जाणकार असतात. रोजचा कार्यक्रम वारा आणि बर्फ ठरवतात. छापलेला कागद नुसता अंदाज. पावसावर पेरणी ठरवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. बोट लागते हेही खरे. रेवसजवळ १९४७ साली बुडालेल्या रामदास बोटीची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या घरांतून अजून सांगितली जाते, त्यामुळे भीतीही वाटेल. त्या भीतीला हसू नये, पण तिच्यापायी घरातही बसू नये.

अशा सफरींची एक वाट स्कॉटलंडहून निघते आणि बेटाबेटाने वर चढत जाते. पहिली बेटे ऑर्कनीची. तिथे १८५० साली मोठ्या वादळाने किनाऱ्यावरची वाळू उडाली आणि खालून एक गावच वर आले. स्कारा ब्रे त्याचे नाव, वय सुमारे पाच हजार वर्षे. लाकूड मिळत नसे म्हणून सगळे दगडाचे: दगडी बाज, दगडी फडताळ, मधोमध चूल. फडताळ तर दारातून आत येताच समोर दिसेल असे मांडलेले. ताई, आपल्याकडेही पितळेची भांडी अशीच येणाऱ्याच्या नजरेसमोर मांडतात ना? याच बेटांवर 'बेअर' नावाचे जुने सातू अजून पेरतात. उन्हाळा तोकडा असल्यामुळे ते उशिरा पेरून नव्वद दिवसांत निघते. हळव्या भाताचाच हा भाऊ म्हणायचा.

मग सेंट किल्डा. पुस्तिकेत याला दोन ओळी आणि पक्ष्यांचे एक चित्र असते. मी मात्र इथे थांबणार आहे.

हे चिमुकले बेट मुख्य भूमीपासून फार दूर, अटलांटिकात एकटे उभे आहे. शेकडो वर्षे इथे माणसे राहिली. थोडे सातू, थोडे ओट, मेंढ्या, आणि मुख्य आधार समुद्रपक्ष्यांचा. पुरुष दोर कमरेला बांधून अनवाणी कड्यांवर उतरत, पक्षी आणि अंडी आणत, पिसे देऊन खंड भरत. वाऱ्यात वाळवण आणि साठवण करायला त्यांनी दगडी कोठारे बांधली. ती अजून हजारांहून जास्त उभी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर तरुण माणसे बाहेर पडू लागली, कष्टाला हात पुरेनात, आजारपणात डॉक्टर मिळेना. शेवटी मे १९३० मध्ये उरलेल्यांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला की आम्हाला इथून हलवा. २९ ऑगस्ट १९३० रोजी सकाळी छत्तीस माणसे आरमाराच्या जहाजावर चढली. गुरे-मेंढ्या आधीच रवाना झाल्या होत्या. कुत्री नेता येणार नव्हती, ती गळ्यात दगड बांधून खाडीत बुडवली. निघताना प्रत्येक घरात उघडे बायबल आणि ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवली, असे सांगतात.

दाण्यांची रास. रिकाम्या घरात, कोणी खाणार नाही हे ठाऊक असताना. करंजाडे-वडघरच्या वाचकांना यावर मी काय सांगावे? नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी फोडली, नदीचे पात्र वळवले, आणि त्या गावांतली घरे तुमच्या शेजारी येऊन वसली. घर सोडताना देव्हारा उचलल्यावर त्या जागी दोन दाणे ठेवणारी एखादी म्हातारी त्यांतही असेलच. फरक एवढा की सेंट किल्डाच्या माणसांना पुढे जंगलखात्यात झाडे लावण्याचे काम मिळाले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात झाड पाहिलेले नव्हते! पुनर्वसन करणाऱ्या कचेऱ्या सगळीकडे सारख्याच, असे म्हणण्याचा मोह होतो. त्या दिवशी बेट सोडणारी आठ वर्षांची एक मुलगी २०१६ साली वारली. ती त्या गावातली शेवटची.

पुढची बेटे फेरोची. अठरा बेटे, सुमारे चोपन्न हजार माणसे आणि माणसांहून जास्त मेंढ्या. छपरांवर गवत वाढवतात, त्याने घर उबदार राहते. मासळी आणि मटण मिठाशिवाय नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. बोंबलाच्या वलांडी पाहिलेल्या माणसाला त्या वासाने घरची आठवण येईल, शाकाहारी माणसाने मात्र नाकाला पदर लावावा. यानंतर दोन-तीन दिवस नुसते पाणी, वाटेत यान मायेन हे ज्वालामुखीचे बेट. तिथे हवामान पाहणारी आणि लष्करी नोकरीतली मोजकी माणसे सोडली तर वस्ती नाही. धुके असेल तर तेही दिसत नाही.

आणि मग स्वालबार्ड. करंजाडे सुमारे एकोणीस अंशांवर आहे, तर तिथले लाँगयिअरब्येन हे मुख्य गाव अठ्ठ्याहत्तर अंशांवर. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. दिवे लावायची वेळ कशी ओळखायची, हा प्रश्न ताईंना पडेल. झाड नावाला नाही. गाव १९०६ साली कोळशाच्या खाणीसाठी वसले, आणि तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर पांढऱ्या अस्वलाच्या भयाने बंदूकधारी वाटाड्या सोबत लागतो. २०२५ पासून अस्वलापासून निदान तीनशे मीटर दूर राहण्याचा कायदा आहे, मार्च ते जूनमध्ये पाचशे मीटर. म्हणजे पुस्तिकेतले अस्वल तुम्हाला दुर्बिणीतून पिवळसर ठिपक्याएवढे दिसेल. हे आधीच सांगितलेले बरे.

पण याच गावाजवळ डोंगराच्या कुशीत काँक्रीटचे एक अरुंद दार आहे, आणि माझ्या मते शेतकऱ्याने जायचे ते त्या दारासाठी. फेब्रुवारी २००८ मध्ये तिथे जगाची बियाण्यांची कणगी सुरू झाली. डोंगरात सव्वाशे मीटरच्या आसपास आत, कायम गोठलेल्या खडकात, उणे अठरा अंशांवर, जगभरच्या बियाण्यांचे तेरा लाखांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत. आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमुगाच्या वाणांचे नमुने तिथे पाठवले. २०१४ मध्ये भारत सरकारनेही तुरीचे बी ठेवले. ठेव ज्याची त्याचीच राहते. ठेवणाऱ्याशिवाय कोणी पेटी उघडत नाही. बँकेच्या लॉकरसारखेच.

उपयोग होतो का? झाला आहे. सीरियात युद्ध पेटले आणि अलेप्पोजवळची मोठी बीजपेढी हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये त्या संस्थेने इथून आपल्या पेट्या परत घेतल्या, लेबनॉन व मोरोक्कोत बी वाढवले, आणि २०१७ पासून नवे बी पुन्हा आणून ठेवायला सुरुवात केली. बियाण्याची उसनवारी आपल्या गावांतूनही अशीच चाले, पायली नेली की सव्वा पायली परत. आत जायला मात्र तुम्हा-आम्हाला परवानगी नाही. दारासमोर उभे राहायचे, नमस्कार करायचा आणि परतायचे. एवढ्यासाठी एवढ्या लांब? पंढरीला गेल्यावर गर्दीत कळसाचे दर्शन घेऊन परतणारे आपण. हा प्रश्न आपण तरी विचारू नये.

त्या कणगीलाही धोका चुकलेला नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात तिथे बर्फाऐवजी पाऊस पडला आणि प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरले. बियाण्यापर्यंत ते पोचले नाही, पण दार आणि बोगदा नव्याने बांधून काढावा लागला. गेल्या चार दशकांत उत्तर ध्रुवाचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

हे तापणे तिथेच राहत नाही. स्वालबार्डमध्ये आणखी वर, न्यू ऑलेसुन या जुन्या खाणवस्तीत, आपले 'हिमाद्री' नावाचे केंद्र जुलै २००८ पासून आहे. ध्रुव तिथून सुमारे बाराशे किलोमीटर. ते चालवणारी राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तिथल्या खाडीत पाण्याची उष्णता आणि खारेपणा मोजणारी उपकरणे दोराला माळेसारखी बांधून सोडली. याच संस्थेच्या एका अभ्यासात २०२१ मध्ये असे दिसून आले की सायबेरियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी झाला की वरच्या हवेत लाट उठते, ती युरोपवरून आशियाकडे सरकते, आणि त्या वेळी अरबी समुद्रही तापलेला असेल तर सप्टेंबरच्या अखेरीस मध्य भारतात मुसळधार पावसाचा संभव वाढतो. अभ्यास अजून चालू आहे. पण सप्टेंबरच्या शेवटी पाऊस आला म्हणजे निसवलेले भात आडवे होते आणि उभे सोयाबीन शेतातच कोंब धरते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. सफरीची पुष्कळ जहाजे न्यू ऑलेसुनला थांबतात. हिमाद्रीची पाटी बाहेरून दिसते.

आता पैसा. अशा सफरीला माणशी पाच-सहा लाखांपासून सुरुवात होते आणि वर पंधरा-वीसही लागतात, विमानभाडे वेगळे. दोघांचे मिळून पंधरा लाख धरा. तेवढी रक्कम बँकेत ठेवली तर वर्षाला लाखाच्या आसपास व्याज येईल. ताई, तुमची रक्कम कशी आली ते तुम्ही जाणता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के पदरात पडले. इमारतीचे भाडे दरमहा येत असेल, कर्ज नसेल, आणि मुलीच्या नावाचे आधी बाजूला काढले असेल तर बेलाशक जा. ही एकच गंगाजळी असेल तर मुलाला स्पष्ट नाही म्हणा, त्याला वाईट वाटले तरी. मधली वाटही आहे. ओस्लोहून लाँगयिअरब्येनला तीन तासांचे विमान आहे. तिथे चार रात्री राहून दिवसभराच्या बोटीने खाडीत फिरून येता येते. खर्च बराच कमी होतो, आणि कणगीचे दार तेच.

जायचे ठरले तर काही गोष्टी लक्षात ठेवा. नॉर्वेचा शेंगेन व्हिसा दोनदा प्रवेशाचा मागा, कारण स्वालबार्ड त्या हद्दीबाहेर आहे आणि परतताना पुन्हा आत यावे लागते. स्कॉटलंडहून निघायचे तर ब्रिटनचा व्हिसा निराळा. फेरोला उतरायचे तर व्हिसावर तसा उल्लेख हवा. विमा असा घ्या की आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात असेल; तिकडे मोठे इस्पितळ नाही. गुडघे दुखत असतील तर लपवू नका, रबरी होडीत चढताना ते कळतेच. शाकाहारी असाल तर तिकिटाच्या वेळीच लिहून द्या, आणि तरीही चटणी-मेतकूट बरोबर असू द्या. एका जाड कोटापेक्षा एकावर एक तीन पातळ लोकरी कपडे बरे.

आणि उतरण्याआधी जहाजावर तुमचे बूट घासून धुवायला लावतील, कोटाचे खिसे आणि विजारीच्या दुमडी तपासायला सांगतील. रागावू नका. आपल्या मातीतले एखादे बी तिथे पडून रुजू नये म्हणून हे करतात. बांधावरून फिरणाऱ्याच्या कपड्यांना कुसळे आणि गोखरू असायचेच, तेव्हा बॅग भरण्याआधी सगळे कपडे करंजाड्याच्या गच्चीवर नेऊन एकदा चांगले झटकून घ्या.